शंभरातले पंधरा डावे

सदानंद घागचा उजवा हात आषाढात थरथरायला लागला आणि भाद्रपद लागेपर्यंत त्याला स्वतःची दाढी स्वतः करता येईना. एकवीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. घाटाच्या वळणावर समोरून ट्रेलर अंगावर आला तरी ज्याच्या हातातलं स्टेअरिंग डगमगलं नाही, तो आता चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचा आणि तरी निम्मा चहा लुंगीवर सांडायचा.

"वय झालं गो माझं," तो म्हणाला.

"बावन्नाव्या वर्षी? गप बसा. हनुवटी वर करा."

इंदुमतीने त्याच्या गालावरून रेझर फिरवला. फेस पुसला. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी म्हटलं, टेन्शन माझी बायको घेते, मी नुसता थरथरतो."

तिला हसू आलं नाही. सात वर्षांपूर्वी एका टेम्पोने सदानंदला उडवलं होतं. डोक्याला मार बसला आणि फिट यायला लागल्या. शमिन नावाची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली आणि सहा वर्षं एक फिट आली नाही की एक बोट हललं नाही. आणि ही गोळी ज्या मालापासून बनायची, तो माल इंदुमतीच बनवायची. कोंडवली एमआयडीसीतल्या कारखान्यात, तीन नंबरच्या रिॲक्टरवर, अकरा वर्षं. नवऱ्याचं औषध स्वतःच्या हाताने शिजवणारी बाई सगळ्या तालुक्यात दुसरी नव्हती.

जूनमध्ये तालुक्याच्या दवाखान्यात पेटी आली आणि तीन नंबर बंद पडला.

पेटी म्हणजे कपाटाएवढं यंत्र. साल २०४१. गोळ्यांचे ट्रक नकोत, गोदामं नकोत, मुदत संपलेला माल नको. वरून कच्च्या मालाचं बंद कार्ट्रिज घालायचं, रसायन आतच शिजतं, खालून ताज्या गोळ्या पडतात. पेटीला अक्कल पुरवणारा प्रोग्राम कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. केतकी सबनीस यांनी बनवलेला. त्याचं नाव अन्वय. जिल्ह्यात साठ पेट्या लागल्या होत्या. दसऱ्याला राज्यभर चौदाशे लागायच्या होत्या.

हात थरथरायला लागला तोही जूननंतर. इंदुमतीला एवढं पुरेसं होतं. पण तिला पुरेसं असलेलं साहेबलोकांना पुरत नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

*

शमिनचा रेणू दोन तऱ्हेचा असतो. दोन्हींत अणू तेच, जोडणी तीच, पण एक उजव्या पायाच्या चपलेसारखा आणि दुसरा डाव्या. समोरासमोर धरले तर एक दुसऱ्याचा आरसा, एकावर एक ठेवले तर बसत नाहीत. उजवा फिट थांबवतो. डावा मेंदूत भलत्याच जागी जाऊन बसतो आणि हात थरथरवतो. म्हणून सगळा खेळ उजवा तेवढा बनवण्याचा.

ते काम पॅलेडियम करतो. चांदीसारखा दिसणारा महाग धातू, शेकडो किलोच्या मालात मूठभर लागतो, कारण तो स्वतः खर्ची पडत नाही. रेणूचे दोन अर्धे भाग असतात. एकाच्या टोकाला ब्रोमिन, दुसऱ्याच्या टोकाला बोरॉन. पहिल्या पायरीला पॅलेडियम पहिल्या अर्ध्यात घुसतो. ब्रोमिनची आणि त्याची फारकत करून स्वतः मध्ये बसतो. दुसऱ्या पायरीला बोरॉनकडून दुसरा अर्धा भाग काढून घेतो. तिसऱ्या पायरीला दोघांना एकमेकांच्या हाती देऊन आपण मोकळा होतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो. दिवसभरात हजारो वेळा.

पॅलेडियम एकटा असला तर त्याला डावं-उजवं काही कळत नाही. म्हणून त्याच्या एका अंगाला लिगंड नावाचा वाकडातिकडा रेणू चिकटवतात. लिगंड एका बाजूने वाट अडवून धरतो. दुसरा अर्धा भाग आत यायचा तर मोकळ्या बाजूनेच यावा लागतो. म्हणून जोडणी उजवीच होते. पण लिगंड सुटला, तर उघडा पडलेला पॅलेडियम दिसेल त्याला दिसेल तसा जोडत सुटतो. निम्मे डावे, निम्मे उजवे.

हे इंदुमतीला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं शिक्षण आयटीआय, अटेंडंट ऑपरेटर. चिपळूणच्या एका कॉलेजाने रद्दीत काढलेली सेंद्रिय रसायनाची तीन इंग्रजी पुस्तकं तिने उचलून आणली होती आणि शब्दकोश मांडीवर घेऊन चार वर्षं वाचली होती. बाया भिशी लावायच्या तेव्हा ही बाण काढत बसायची: इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले. सासू म्हणायची, सून नकाशे काढते.

पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट तिला गंगारामनाना शिगवणांनी शिकवली. नाना तिच्या आधीपासूनचे ऑपरेटर, तीन नंबरचे राजे.

रिॲक्टरमध्ये पोटॅशियम फॉस्फेटची पांढरी भुकटी घालावी लागते. ड्रममधून ती कोरडी ठणठणीत यायची. पाच किलोच्या पहिल्या चाचणी-बॅचला नानांनी ती तशीच कोरडी घातली होती, पुस्तकाप्रमाणे, आणि माल वाया गेला. पुढची बॅच लावायच्या आदल्या दिवशी ड्रमचं झाकण उघडं राहिलं. कोकणातली हवा. भुकटीने पाणी प्यालं, आणि माल उत्तम निघाला. तेव्हापासून रिवाजच पडला. भुकटी ताडपत्रीवर पसरायची. पावसाळ्यात तासभर, थंडीत सबंध पाळी, उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट. मग मुठीत घेऊन दाबायची. भिजवलेल्या पोह्यांसारखी लागली की घालायची. त्याहून ओली झाली तर बोरॉनचा तुकडा गळून पडतो आणि माल जातो. त्याहून कोरडी राहिली तरी जातो.

आणि बॅच रेकॉर्डवर लिहायचं: भुकटी कोरडी. ओलावा ०.३ टक्के.

कारण मंजूर कागदात लिहिलं होतं की ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. कागद बदलायचा म्हणजे दोन वर्षं, चार खाती, सतरा सह्या. कुणी बदलला नाही. माल चांगला निघत होता, साहेब खूश होते, ०.३ हा आकडा पाळीवरून पाळीला, हातावरून हाताला चालत राहिला. अकरा वर्षांत सहाशे चाळीस बॅचेस. त्यातल्या तीनशे बारांवर इंदुमतीची सही.

आता अन्वय शिकला कशावरून? या सहाशे चाळीस रेकॉर्डांवरून.

*

माल तपासणाऱ्या क्यूसी खात्याच्या अडगळीत एक जुना पोलॅरिमीटर पडला होता. पितळी नळी, काचेची दोन भिंगं, डोळा लावून फिरवायची तबकडी. द्रावणातून जाणारा प्रकाश रेणू उजवीकडे वळवतात की डावीकडे, ते हा मोजतो. इंदुमतीने जेवणाच्या सुट्टीत तो पुसला, साखरेच्या पाण्यावर तपासला, बरोबर निघाला. मग पेटीतल्या वीस गोळ्या कुटल्या, स्पिरिटमध्ये विरघळवल्या, गाळल्या, सुकवल्या, वजन केलं आणि पुन्हा विरघळवून नळीत भरल्या.

शुद्ध उजव्या शमिनला तबकडी बासष्टवर यायला हवी होती. आली चव्वेचाळीसवर.

तिने पाच वेळा पाहिलं. मग कागदावर गणित केलं. शंभरातले पंचाऐंशी उजवे, पंधरा डावे. तिचा नवरा तीन महिने दिवसातून दोनदा हे गिळत होता, आणि साठ दवाखान्यांसमोर रांगेत उभे राहणारेही.

पेटीचा पडदा मात्र सांगत होता, शुद्धता ९९.४, खात्री ९७. कारण पेटी डावं-उजवं मोजतच नव्हती. मोजणारं यंत्र महाग पडतं. पेटी तापमान बघायची, रंग बघायची, आणि अन्वयला विचारायची: एवढ्यावरून काय निघालं असेल? अन्वय सांगायचा. तेच पडद्यावर यायचं. त्याची खात्री पंचाण्णवच्या खाली गेली तरच पेटी आपोआप थांबायची.

*

"घागबाई, बसा," खांडेपारकर म्हणाले. ते कारखान्याचे प्रमुख. शेजारी पुण्याहून आलेल्या डॉ. केतकी सबनीस. वय पस्तिशीचं, डोळे जागरणाने लाल. पाच दिवसांवर दसरा होता.

इंदुमतीने आकडे टेबलावर ठेवले. सबनीसांनी ते वाचले, दोनदा वाचले. त्या हसल्या नाहीत हे इंदुमतीच्या लक्षात आलं.

"भंगारातला पोलॅरिमीटर," खांडेपारकर म्हणाले. "कॅलिब्रेशन कधीचं?"

"परवाचं. मी केलं."

"तुम्ही."

"हो. साखर कुणाच्या बापाची नसते. सगळ्यांसाठी प्रकाश तेवढाच वळवते."

सबनीस मध्ये पडल्या. "मला कारण सांगा. आकडा नको. पेटीत असं का होईल?"

"दुसऱ्या पायरीमुळे, मॅडम. ब्रोमिन पॅलेडियमवर बसून असतो, उठत नाही. तो उठल्याशिवाय बोरॉनकडचा अर्धा भाग येत नाही. त्याला उठवायला पाणी लागतं. भुकटीतलं पाणी. पाणी नसलं की पॅलेडियम खोळंबतो. खोळंबला की लिगंड सुटतो. लिगंड सुटला की आंधळा कारभार."

सबनीसांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही हे कुठे वाचलंत?"

"रद्दीत."

"पण अन्वयने पाण्याचा मुद्दा तपासला होता. सहाशे चाळीस बॅचेसमध्ये ओलावा एकच आहे. शून्य पूर्णांक तीन. एवढ्या कोरड्या भुकटीवर माल उत्तम निघालाय. म्हणजे पाण्याचा संबंध नाही. अन्वय म्हणतो, डावं-उजवं ठरतं ते तिसऱ्या पायरीला, तापमानावर. म्हणून तर पेटी अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान सांभाळते. आणि चाचणीच्या कार्ट्रिजमध्ये आम्ही प्रत्यक्ष मोजलं होतं, शंभर नमुने. सगळे उजवे."

"ती कार्ट्रिजं कुणी भरली होती?"

सबनीसांनी खांडेपारकरांकडे पाहिलं.

"मी भरली होती," इंदुमती म्हणाली. "इथे. ताडपत्रीवर पसरलेल्या भुकटीने. आता तुमची कार्ट्रिजं भरतो रोबो, बंद खोलीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये."

खांडेपारकर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे ०.३ खोटं?"

"खोटं."

"तुमचीच सही आहे त्यावर."

"म्हणूनच सांगतेय. दुसऱ्याची असती तर मला काय माहीत असतं?"

सबनीस काहीतरी बोलणार होत्या. खांडेपारकरांनी हात वर केला, त्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि इंदुमतीला त्याचीच जास्त चीड आली.

"घागबाई, पेटी लगेच बंद करता येत नाही. लाज जाते. मी काय करतो, पुढच्या कार्ट्रिजमध्ये दोन टक्के पाणी घालायला सांगतो. सुधारणा म्हणून. तीन महिने लागतील. जुने कागद जसे आहेत तसे राहतील. तुमची सहीही राहील, नोकरीही राहील. आणि स्टोअरमध्ये तुमच्या हातच्या मालाच्या गोळ्या पडून आहेत, सगळ्या जिल्ह्याला दोन महिने पुरतील एवढ्या. सदानंदरावांना त्यातल्या हव्या तेवढ्या देतो. आजच घेऊन जा."

"आणि बाकीच्यांनी तीन महिने काय करायचं?"

"बाकीच्यांचं आपण किती बघणार?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली. विचार करायचा नव्हता. पण नवऱ्याला सांगायचं होतं.

*

"मला हव्यात," सदानंद म्हणाला. सरळ म्हणाला. "तू काय समजतेस, मी मोठेपणा करीन? माझा हात आहे हा, इंदे. मला माझी दाढी करायची आहे."

"मग बाकीचे?"

"बाकीच्यांना बायका नाहीत?"

"असतील. पण त्यांच्या बायका तीन नंबरवर नव्हत्या."

तो उठला, आणि उठताना खुर्चीला धक्का लागला तसा आणखी चिडला. "तू आधीच ठरवलंस. मग विचारतेस कशाला? एवढं तरी कबूल कर, की विचारत नाहीस, सांगतेस."

"सांगतेय," ती म्हणाली.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. दाढीही करून घेतली नाही.

*

निवृत्त झालेले गंगारामनाना परसात मांडवावरची पडवळं काढत होते. ओटीवर भिंतीला कंपनीने दिलेली चौकट टांगलेली: दोनशे एकावन्न बॅचेस, शून्य चूक.

"नाना, तुम्ही ओलावा कधी मोजलात?"

"कशाला मोजू? हाताला कळतं."

"मग ०.३ कुठून आणलंत?"

"तू कुठून आणलंस?"

"तुमच्या रेकॉर्डातनं."

"आणि मी साहेबाच्या तोंडातनं. तो म्हणाला, कागदावर अर्ध्याच्या आत दिसलं पाहिजे. दिसलं." नानांनी पडवळ टोपलीत टाकलं. "माझी एक बॅच परत आली नाही. माल चांगला होता का नव्हता?"

"चांगला होता."

"मग खोटं काय त्यात?"

"कागद."

"कागद काय कुणी खातं?"

"आता यंत्र खातं, नाना. आणि माणसांना भरवतं."

नाना मांडवाच्या खांबाला टेकले. इंदुमतीने समजावून सांगितलं. नियम साधा होता: बॅच रेकॉर्डवर ज्याची सही, त्याला आपली नोंद केव्हाही दुरुस्त करता येते. खोडायचं नाही. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरं काय ते, कारण, सही, तारीख. दुसऱ्या कुणाला ते करता येत नाही आणि दुसरं कुणी ते अडवू शकत नाही. तिच्या तीनशे बारा आणि नानांच्या दोनशे एकावन्न, अशा दोघांनी रेघा मारल्या तर अन्वयला पाण्याकडे बघावंच लागेल.

"दोनशे एकावन्न वेळा मी लिहू, की मी खोटारडा?"

"मी तीनशे बारा वेळा लिहिणार आहे."

"तुझी गोष्ट वेगळी. तू अजून उभी आहेस. मी गेलो की पोरं ही चौकटच दाखवणार लोकांना. दुसरं काय आहे माझं?" त्यांचा आवाज कडक झाला. "नाही जमणार. आणि तू माझं नाव घेतलंस तर मी सांगीन, ही बाई खोटं बोलते. मी कोरडीच घातली."

"सांगा."

"सांगीन."

ती निघाली. नानांनी मागून हाक मारली, "इंदू, पडवळं घेऊन जा दोन."

तिने घेतली. भांडण पडवळांशी नव्हतं.

*

तीन नंबर बंद असल्याने तिची ड्युटी रेकॉर्डरूममध्येच लावलेली होती. शनिवारी सकाळी सातला तिने पडद्यावर पहिली बॅच उघडली. ०.३ वर रेघ ओढली. शेजारी काय लिहायचं, इथे हात थांबला. एक टक्का? दोन? तिला माहीत नव्हतं. अंदाजाने आकडा लिहिला असता तर तेही खोटंच झालं असतं, नुसतं नव्या तारखेचं. तिने लिहिलं: मोजलेला नाही. भुकटी हवेत पसरून ओलसर केली होती. कारण: मंजूर पद्धतीने माल निघत नव्हता. इंदुमती घाग.

मग दुसरी. मग तिसरी. शनिवारी एकशे साठ झाल्या. मनगट भरून आलं. रविवारी दुपारी नोंदी तपासणाऱ्या क्यूए खात्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला आणि फोनवर म्हणाला, "नाही साहेब, सिस्टिम अडवत नाही. त्यांचीच सही आहे." ती मान वर न करता लिहीत राहिली. संध्याकाळी चारच्या सुमाराला तीनशे बारावी झाली.

सोमवारी सकाळी साडेअकराला तिला केबिनमध्ये बोलावलं. अन्वय दर सोमवारी दुपारी बाराला सगळे रेकॉर्ड नव्याने वाचायचा. औषध खात्याची अटच तशी होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तेच दोन आकडे. शुद्धता ९९.४, खात्री ९७. सबनीस लॅपटॉपसमोर. खांडेपारकर उभे. आज त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"शिगवणांनी लेखी दिलंय. भुकटी कोरडीच घालत होतो. म्हणजे तुम्ही एकट्या आहात. मी तुम्हाला बेभरवशाची नोंद करणारी व्यक्ती ठरवलंय. अन्वय तुमच्या दुरुस्त्या धरणार नाही. नियमात ती सोय आहे."

इंदुमतीला नानांचं वाईट वाटलं. ते तिने नंतरसाठी ठेवलं.

"दुरुस्त्या धरणार नाही," ती म्हणाली. "मग मूळ आकडे धरणार?"

"अर्थात."

"ते कुणी लिहिलेत?"

खांडेपारकर पडद्याकडे वळले.

"मी लिहिलेत, साहेब. त्याच बेभरवशाच्या बाईने. माझी रेघ खोटी आणि रेघेखालचा आकडा खरा, असं कसं चालेल? माणूस एक, सही एक. मला खरी माना, तर पाण्याशिवाय उजवा माल निघत होता असा माझ्याकडून एकही पुरावा नाही. मला खोटी माना, तर माझ्या तीनशे बाराच्या तीनशे बारा काढून टाका. आता तुमचं यंत्र काय खाणार ते ठरवा. मला दोन्ही चालतं."

सबनीस खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या तोंडून हळूच काहीतरी निघालं, हसू होतं की उसासा ते कळलं नाही.

"केतकी," खांडेपारकर म्हणाले, "काय होईल?"

"त्या बरोबर बोलतायत. व्यक्ती बेभरवशाची ठरली की तिच्या सगळ्याच नोंदी जातात. प्रोग्राममध्ये मी तसंच लिहिलंय. मला वाटलं होतं, असं कधी लागणार नाही."

"मग त्यांना खरं धरून चालव."

"ते मी सकाळी चालवून पाहिलं." सबनीसांनी लॅपटॉप वळवला. "खात्री चौसष्ट."

"आणि काढून टाकलं तर?"

"एक्याऐंशी."

"पंचाण्णव पाहिजे."

"मला माहीत आहे किती पाहिजे."

बारा वाजायला चार मिनिटं होती. खांडेपारकरांनी वरच्या साहेबांना तीन फोन लावले. एकही उचलला गेला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे हारतुऱ्यांच्या गडबडीत. सबनीस उठून इंदुमतीजवळ आल्या.

"घागताई, माझी सहा वर्षं आहेत यात."

"माझी अकरा आहेत, मॅडम. आणि खोटं मी घातलंय त्यात, तुम्ही नाही. तुमच्या यंत्राने मी जे वाढलं ते खाल्लं."

"मी विचारायला हवं होतं. सहाशे चाळीस वेळा तोच आकडा. कोकणात. पावसाळ्यातसुद्धा. मी साफ नोंदी बघून खूश झाले."

"तुम्ही कधी खाली प्लांटवर आला नव्हतात."

"नाही," सबनीस म्हणाल्या.

बारा वाजले. पडद्यावरचे आकडे पुसले गेले, एक बारीक चक्र फिरत राहिलं. मग पहिला आकडा आला, पूर्वीचाच. ९९.४. खांडेपारकरांनी श्वास सोडला. मग दुसरा आला.

८१.

खाली जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर साठ हिरवे ठिपके. ते एकेक करून लाल व्हायला लागले. दापोली. मंडणगड. गुहागर. काही आवाज नाही, काही नाही, नुसते ठिपके. कुठेतरी पेटीसमोर उभ्या असलेल्या नर्सने दोनदा बटण दाबलं असेल.

"तुला कळतंय का, तू काय केलंस?" खांडेपारकर म्हणाले. बाईवरून ते तूवर आले होते. "हजारो पेशंट आज औषधाशिवाय."

"नाहीत. स्टोअरमध्ये दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत, तुम्हीच सांगितलंत. नळीत घालून बघितल्यात मी. बासष्ट. गाड्या भरा. संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतील."

"ते कोण ठरवणार? तू? तुला आत्ता, या मिनिटाला कामावरून काढलंय. खोट्या नोंदी केल्याबद्दल केस होईल. तुरुंगात जाशील."

"जाईन. खोट्या केल्यात. तीनशे बारा. पुराव्यासाठी फार शोधाशोध करायला नको, सगळ्यांवर रेघ आहे."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. दारातून मागे वळून सबनीसांना म्हणाली, "मॅडम, ओलावा मोजायचा असेल तर शंभर ग्रॅमपासून सुरू करा. मी सांगेन. पण आधी गाड्या."

सबनीसांनी फोन उचलला आणि स्टोअरला लावला. खांडेपारकर त्यांच्या अंगावर ओरडले. त्या फोनवर बोलत राहिल्या.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने इंदुमतीला बाहेर काढलं आणि मागे फाटक ओढून घेतलं. बाहेर रस्त्याच्या कडेला सदानंद उभा होता, दाढी वाढलेली, उजवा हात लेंग्याच्या खिशात कोंबलेला. कुणीतरी त्याला कळवलं असणार.

"काढलं?"

"काढलं."

"जेवलीस?"

"नाही."

डाव्या हातातली पिशवी त्याने तिच्याकडे दिली. डब्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, भाजी सांडून पिशवीला डाग पडला होता. तिने डबा उघडला आणि तिथेच उभ्याउभ्या खायला लागली.

फाटकाच्या आतून खांडेपारकरांची गाडी आली. काच खाली झाली. "इथे उभं राहायचं नाही."

"रस्ता एमआयडीसीचा आहे," इंदुमती घास गिळून म्हणाली. "तुमच्या स्टोअरच्या गाड्या किती सुटतात ते मोजतेय. साठ दवाखान्यांना आठ सुटायला पाहिजेत. सुटल्या की जाईन."

"आणि नाही सुटल्या तर?"

तिने डबा सदानंदच्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि फाटकाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मागून सदानंद आला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि खिशातला हात त्याने बाहेर काढला.

"तर तुमचीही नाही सुटणार," तो म्हणाला.